गोल्फ आणि देवघरातली चिल्लर

गोल्फमध्ये ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तो जिंकतो. ही साधी गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली असती, तर २०१६च्या ऑगस्टमध्ये अख्ख्या ऑफिसला आलुबोंडे खाऊ घालण्याचा खर्च वाचला असता.

तेव्हा रिओचं ऑलिंपिक चालू होतं. साक्षी मलिक आणि सिंधू यांच्या बातम्यांनी पेपरची पहिली पानं भरून यायची, आणि मला लहानपणापासून पेपर मागून वाचायची सवय. तिथे तळाशी बोटभर बातमी होती. बंगळुरूची अठरा वर्षांची अदिती अशोक, पहिल्या दोन दिवसांत ६८ आणि ६८, पहिल्या दहा जणींत. ऑलिंपिकमध्ये गोल्फ तब्बल ११२ वर्षांनी परत आलेला, त्यात भारताची ही एकुलती एक मुलगी, आणि तिची पिशवी उचलायला तिचे वडील. एवढी माहिती माणसाला ऑफिसात दिवसभर पुरते. मी ती पुरवून पुरवून सांगितली. तिसऱ्या दिवशी आकडा आला ७९. अडुसष्टवरून थेट एकोणऐंशी! माझी अशी प्रगती दहावीत झाली असती तर वडिलांनी सायकल घेऊन दिली असती. मी कँटीनवाल्याला आलुबोंड्यांची ऑर्डर दिली, वर तर्री वेगळी सांगितली, एका साहेबांसाठी बिनमिरचीचे दोन काढायला लावले, आणि सगळ्यांचे हात तेलकट झाल्यावर पलीकडच्या टेबलावरच्या नव्या पोराने मोबाइलमध्ये पाहून हळूच सांगितलं, "काका, ती घसरली." चौथ्या दिवशी ७६ झाले आणि अदिती एकेचाळिसाव्या नंबरवर गेली.

आलुबोंडे छान होते असं मात्र सगळ्यांचं मत पडलं.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. अठरा होलं असतात, प्रत्येक होलला चेंडू किती फटक्यांत भोकात जावा याचा हिशोब ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या नेता येतात आणि पंधरावी सापडली तर दंड. ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब आपल्या कलकत्त्यात, १८२९ सालचा. हे सगळं मी रात्री जेवताना घरी सांगत असे. आता नागपूरच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या माणसाला बर्डी म्हटलं की सीताबर्डीचा बाजार आठवतो, त्यामुळे "अदितीने आज चार बर्ड्या केल्या" असं मी म्हणालो तेव्हा ही पोळी लाटता लाटता थांबली. "बाप्पा! एका दिवसात चारदा? एवढी काय खरेदी करून राहिली ती पोरगी?"

अदितीचं सुरुवातीचं वाचून तर मी हळवाच झालो. ती पाचेक वर्षांची असताना घरची मंडळी ज्या हॉटेलात नाश्त्याला जात, तिथून कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान दिसायचं. पोरीने विचारलं, तिकडे काय चाललंय? आई-वडिलांनाही गोल्फ येत नव्हता. मग तिघं मिळून शिकायला गेले. आमच्या घरी नाश्त्याला मीही लहानपणापासून खिडकीत बसत आलो. समोर पिठाची गिरणी होती.

तर असा मी तज्ज्ञ झालेला असताना ऑक्टोबरात गुरुग्रामहून मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, तुमची अदिती आमच्या इथे येऊन राहिली. विमेन्स इंडियन ओपन, ११ ते १३ नोव्हेंबर. पासचं मी पाहतो, तुम्ही फक्त या." ही स्पर्धा २००७ पासूनची. युरोपातल्या बायकांच्या दौऱ्यातली, चार लाख डॉलरच्या बक्षिसांची, आणि तोपर्यंत एकाही भारतीय मुलीने जिंकलेली नाही. हे सगळं मी फोन ठेवायच्या आत त्यालाच ऐकवलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऐकवलं, आणि ऐकवण्याच्या भरात "मी तर जाणारच आहे" हेही निघून गेलं. ऑफिसात बोललेलं वाक्य मागे घेता येत नाही. सेवाग्राम स्टेशनवरून ग्रँड ट्रंकचं तिकीट काढलं, ९ नोव्हेंबरचं.

आता वाचकहो, तारखेकडे जरा लक्ष द्या.

८ नोव्हेंबरला दुपारी मी बँकेत गेलो. कॅशियर भला माणूस, त्याने सवयीने शंभराच्या नोटा पुढे केल्या. मी म्हणालो, "नको हो, प्रवासात खिसा फुगतो. पाचशेच्या द्या. आणि कोऱ्या द्या." त्याने शोधून शोधून कोऱ्या दिल्या. वास घ्यावा अशा. जाता जाता घरखर्चाच्या राहिलेल्या शंभराच्या नोटाही मी त्याला दिल्या आणि त्यांच्याही पाचशेच्या करून घेतल्या. संध्याकाळी घरी येऊन जाकिटाच्या आतल्या खिशात मी ती गड्डी ठेवली, वरून टाचणी लावली, हिला बोलावून दाखवली. "व्यवस्था म्हणतात ती ही," असं म्हणालो. रात्री आठ वाजता टीव्हीवर पंतप्रधान आले आणि पाचशेच्या नोटा रद्द झाल्या. सव्वाआठपर्यंत ही माझ्याकडे पाहत होती. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे.

"टाचणी काढा आता," ती म्हणाली. "कोणी चोरत नाही."

दुसऱ्या दिवशी बँका बंद, एटीएम बंद. शेजारी मागावं तर तेही आमच्याकडे मागायला आलेले. शेवटी हिने देवघरातला डबा खाली काढला. कित्येक वर्षांच्या पूजा, सत्यनारायण, ओटीतले, ताम्हनातले, रुपया-दोन-पाचाची नाणी, काहींवर कुंकू वाळलेलं. तिने ती लाल खणाच्या बटव्यात भरली, नाडी आवळली आणि माझ्या हातावर ठेवली. मनगट वाकलं. "देवाची आहे. मोजून नेऊन राहिले, मोजून आणा." सोबत मेव्हण्याकडे द्यायला गोरसपाक बिस्किटांचे डबे. वर्ध्याचा माणूस बाहेरगावी जाताना कपडे विसरेल, गोरसपाक विसरणार नाही.

प्रवासाचं फारसं सांगत नाही. चहावाल्याने माझी कोरी नोट उजेडात धरून पाहिली, छान आहे म्हणाला, आणि परत दिली. भोपाळपर्यंत मी नाणी मोजून चहा प्यालो. कुंकू लागलेलं नाणं पाहून एकाने ते कपाळाला लावलं आणि खिशात टाकलं. दिल्लीत उतरलो तर दिवाळीनंतरचं धुरकं अजून हवेत होतं. मी थंडीच्या भीतीने लोकरीची बनियन, स्वेटर, त्यावर खादीचं जाकीट आणि साहेबी खेळाला शोभावेत म्हणून नवे कडक चामडी बूट असा जामानिमा केला होता. दुपारी तिथे चांगलं ऊन होतं.

शुक्रवारी क्लबाच्या दारात तपासणी झाली. यंत्र माझ्या अंगावरून फिरलं आणि बटव्यापाशी येऊन ओरडायला लागलं. सुरक्षारक्षकाने नाडी सोडली, आत पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अंकल, पाँच सौ का छुट्टा मिलेगा?" आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला श्रीमंत समजलं होतं. देवाची आहे म्हणून सांगितलं, तर त्याने हात जोडले.

आत गेलो आणि थक्क झालो. हे मैदान दक्षिण आफ्रिकेचे जुने जेते गॅरी प्लेअर यांनी आखलेलं, खेळाडूंना रडवणारं म्हणून नाव कमावलेलं. मला मात्र देवळीजवळची आमची वडिलोपार्जित चार एकर कोरडवाहू आठवली. शंभर-दीडशे एकर हिरवीगार जमीन, चढ-उतार, मध्ये पाणी, आणि एक बैल नाही. कोपऱ्याकोपऱ्यात वाळूचे खड्डे. एका मुलीचा चेंडू त्यात पडला, तिने वाळू उडवत तो बाहेर काढला, आणि मग तिची पिशवी उचलणाऱ्या कॅडीने चक्क दाताळं घेतलं, पावलांचे सगळे ठसे पुसले, वाळू सारखी केली, दाताळं होतं तिथे ठेवलं आणि चालता झाला. मी ते खणखणीत दाताळं बराच वेळ पाहत राहिलो. आमच्याकडे रस्ता खोदून जाणाऱ्यांच्या सामानात ही वस्तू नसते.

खरी अडचण शांततेची होती. खेळाडू काठी उचलते तेव्हा बाजूचे स्वयंसेवक 'शांत राहा' लिहिलेल्या पाट्या वर करतात. सगळे जागच्या जागी थिजतात. खोकलाही गिळायचा. क्रिकेट आणि तमाशा या दोन्हींवर वाढलेल्या माणसाला हे जमणं कठीणच, पण मी तोंड बंद ठेवलं होतं, अगदी कसोशीने. बटव्याने ठेवलं नाही. मी नुसतं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलं आणि त्या गाढ शांततेत माझ्या मांडीपाशी सत्यनारायण वाजला. खेळाडूने उगारलेली काठी खाली घेतली. चेंडूपासून मागे सरली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मागे पाहिलं. मागे झाड होतं.

तेव्हापासून बटवा दोन्ही हातांनी पोटाशी गच्च धरून चालायचं असं ठरवलं. अठरा होलं म्हणजे सहा-सात किलोमीटरची पायपीट, आमच्या गावाहून सेवाग्रामला चालत जावं एवढी. नवे बूट तिसऱ्या होलपासून चावायला लागले. लंगडत, घामाघूम, पोटाशी लाल खणाचा बटवा. मला कोणीतरी वाट दिली, बहुतेक नवस फेडायला निघालोय असं वाटून.

आणि मग तो रुपया दिसला.

हिरवळीच्या अगदी मधोमध, भोकापासून हातभर अंतरावर, एक चकचकीत नाणं पडलेलं. खेळाडू मुलगी, परदेशी, त्याच्याकडे पाठ करून खुशाल चालली होती. आता तुम्हीच सांगा, देशात चिल्लरीचा असा दुष्काळ, दाराशी रक्षक सुट्टे मागतोय, आणि या पोरीचा पैसा पडला तरी तिला पत्ता नाही. पोटाशी देवाचा बटवा असताना मला गप्प बसवेना. "मॅडम!" मी ओरडलो, पाटी वर असतानाच ओरडलो, "आपका पैसा गिर गया!" कॅडीने माझ्याकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं, आणि तो सभ्य माणूस खांदे हलवत हलवत दुसरीकडे वळला. शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांनी मला समजावलं. हिरवळीवर चेंडू उचलून पुसायची मुभा असते. उचलायच्या आधी त्याच्या मागे खूण म्हणून नाणं ठेवतात, म्हणजे परत नेमका तिथेच ठेवता येतो. "बहुत लोग सिक्का ही रखते हैं," ते म्हणाले. मग माझ्या बटव्याकडे पाहून म्हणाले, "आप भी खेलते हैं?"

दुपारी कुठूनतरी "फोर!" अशी आरोळी आली. क्रिकेटवर पोसलेला मी, टाळ्या वाजवायला बटवा काखेत घेतला. तेवढ्यात माझ्या चावऱ्या बुटाजवळ गवतात टपकन काहीतरी पडलं. पांढरा चेंडू. फोर म्हणजे 'डोकी सांभाळा' हे नंतर कळलं. आमच्या मैदानावर, म्हणजे कॉलनीच्या, चेंडू आपल्याजवळ आला की उचलून परत द्यायचा हा शिष्टाचार आहे. मी वाकलो, उचलला, रुमालाने पुसला, आणि दुरून येणाऱ्या मुलीला अदबीने दोन्ही हातांनी दिला.

ती घेईना.

रेफरी आला. नियम असा निघाला की बाहेरच्या माणसाने चेंडू हलवला तर खेळाडूला दंड नाही, चेंडू मूळ जागी परत ठेवायचा. प्रश्न एवढाच की मूळ जागा कुठली, आणि ती सांगू शकणारा साक्षीदार पृथ्वीच्या पाठीवर एकच. मग माझा पंचनामा झाला. कुठे उभे होता? चेंडू बुटाच्या डावीकडे की उजवीकडे? गवत उभं होतं की दबलेलं? मी एका दाट गवताच्या जुडीकडे बोट केलं. मुलीचा चेहरा पडला. माझं काळीज हललं, मी बोट वीतभर सरकवून मोकळ्या जागेकडे नेलं. रेफरीने माझ्या बोटाकडे असं पाहिलं की ते आपोआप जुडीकडे परत गेलं. त्या मुलीने त्या होलला बोगी केली. तिचा देश सांगत नाही. तिथे कधी जायचा योग आला तर व्हिसाची पंचाईत नको.

संध्याकाळी पाय बादलीत बुडवून बसण्यापूर्वी आणखी एक प्रकार झाला. तेच वयस्कर गृहस्थ हसत म्हणाले होते की खरी गर्दी बघायची तर एकोणिसाव्या होलवर बघा. मी अठरा होलांचा नकाशा उलटसुलट केला, एकोणिसावं सापडेना. तीन स्वयंसेवकांना विचारलं. तिघंही तरुण, तिघंही गालात हसले, तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत क्लबाच्या इमारतीकडेच बोट दाखवलं. गेलो. दार ढकललं. काचेचे ग्लास, उंच खुर्च्या, बाटल्यांची आरास. गोल्फवाले खेळ संपल्यावर जिथे घसा ओला करतात त्या बारला ते एकोणिसावं होल म्हणतात. मी वर्धा जिल्ह्यातला, जिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. कागदोपत्री का होईना, आहे. वर अंगात खादीचं जाकीट. आतल्या माणसाने विचारलं, "सर, क्या लेंगे?" मी म्हणालो, "पाणी." आणि बिलाला म्हणून बटव्यात हात घातला, तर तो म्हणाला, पाणी फुकट आहे. बाहेर येताना मात्र मी दोन्ही बाजूंना पाहिलं. गुरुग्राममध्ये आपल्या गावचं कोणी भेटत नाही, असं समजू नये.

एवढ्या सगळ्या गडबडीत मी अदिती पाहिली की नाही? पाहिली. शनिवारी पाहिली, चांगली जवळून. अंगाने लहानखुरी, परदेशी मुलींसारखा लांब फटका नाही. त्यांचा चेंडू पुढे आणि हिचा मागे, त्यामुळे हिलाच पुन्हा आधी खेळावं लागायचं. पण हिरवळीवर आली की चित्र पालटायचं. चेंडूच्या मागे उकिडवी बसायची, टोपीच्या कडेखालून भोकापर्यंतचा उतार न्याहाळायची, पलीकडे जाऊन तिथूनही न्याहाळायची, मग उभी राहून काठी दोनदा हवेतच हलवायची. चेहऱ्यावर काही नाही. आपल्याच देशात, आपल्याच माणसांसमोर, पुढे-मागे दोन-दोन मेजर स्पर्धा जिंकलेली अमेरिकेची ब्रिटनी लिन्सिकम असताना, अठराव्या वर्षी एवढा शांत चेहरा कुठून आणतात कोण जाणे. मी या वयात ऑफिसात सुटीचा अर्ज देतानासुद्धा दोनदा पाणी पितो. एका होलला चेंडू कडेवर घुटमळला आणि आत गेला. टाळ्या वाजल्या. मला वाजवता आल्या नाहीत. हात बटव्यावर होते.

शनिवारचा खेळ संपला तेव्हा तिचं नाव फळ्यावर वर होतं. रविवार, १३ तारीख, शेवटचा दिवस. सकाळी मेव्हण्याच्या घरात एक शांत वातावरण होतं. दूधवाल्याचे, पेपरवाल्याचे, कामवाल्या बाईंचे पैसे थकलेले. त्याच्या बायकोने मला पोहे वाढले आणि फार गोड आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडे ती चिल्लर आहे ना?" देवाची आहे, हे वाक्य पोहे तोंडात असताना म्हणता येत नाही. कामवाल्या बाईंचा पगार लक्ष्मीपूजनाच्या नाण्यांत झाला. त्यांनी तो मोजून घेतला, दोनदा.

बटवा असा हलका करून, मेव्हण्याच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत, मी मैदानावर पोचलो. कधी नव्हे ते सगळं जमून आलं होतं. आवाज नाही, पाय दुखत नाही, अदिती ओळखू येते, नियम तोंडपाठ. शेवटची काही होलं राहिलेली. अदिती, लिन्सिकम आणि स्पेनची बेलेन मोझो, एकेका फटक्याचा फरक. आणि खिशात फोन थरथरला.

"भाऊजी," मेव्हणा धापा टाकत होता, "गेटच्या बाहेर जे एटीएम आहे ना, त्यात आत्ता पैसे भरून राहिले. मी पोचेपर्यंत तुम्ही लायनीत लागा. माणशी दोन हजार मिळते."

मी मनातल्या मनात हिशोब केला. इथे एकेका होलला पाव तास सहज लागतो. राहिलेल्या होलांना तास तरी. दोन हजार काढायला किती लागणार? परत येऊन अठरावं होल आरामात. शिवाय रोज त्यांच्याकडे दोन वेळा जेवायचं आणि लायनीला नाही म्हणायचं, हे कोणत्या जावयाला शोभतं? गणित चोख होतं. दहावीपासून माझी गणितं अशीच चोख असतात.

लायनीत चाळीसएक माणसं होती. पुढचा पोरगा मोबाइलवर गोल्फचाच स्कोअर पाहत होता, पण त्याला त्यातलं काही उमजत नव्हतं. "अंकल, ये माइनस टू अच्छा है या बुरा?" वाचकहो, वर्ध्याच्या ऑफिसात, घरी पोळपाटाजवळ, कॉलनीच्या कट्ट्यावर ज्या श्रोत्यांची मी वाट पाहत आलो, ते मला गुरुग्रामच्या एटीएमसमोर भेटले. मी सांगत गेलो. पार, बर्डी, बोगी, चौदा काठ्या, कलकत्ता १८२९. लोक वळून वळून ऐकू लागले. मागच्या बाईंनी विचारलं, नाणं का ठेवतात? मी बटव्यातून एक काढून फुटपाथवर ठेवून दाखवलं. कोणी बोलत नव्हतं. पाटी वर न करता एवढी शांतता, ती मला मिळाली होती. पोरगा स्कोअर वाचायचा, मी त्याचा अर्थ लावायचा. तिघीही बरोबरीत आल्या. अदिती अठराव्या होलवर. पार पाचचं होल. इथे तिने बर्डी केली तर एका फटक्याने जिंकते, नाही तर पुन्हा सामना, असं मी जाहीर केलं. पोरगा बोटाने पडदा खाली ओढत होता, गोल गोल चक्र फिरत होतं. सगळ्यांचे श्वास अडकले. माझाही.

आणि धो धो टाळ्या वाजल्या. शिट्ट्या वाजल्या. मागच्या बाईंनी तर हात जोडले. मी डोळे मिटले, गळा दाटून आला, म्हणालो, "केलं पोरीने!"

एटीएमचं शटर वर गेलं होतं.

बर्डीची बातमी आली ती त्यानंतर मिनिटभराने, आणि तोपर्यंत माझे श्रोते रेटारेटीत पांगले होते. एकूण २१३, पारपेक्षा तीन कमी, एका फटक्याने विजय. ही स्पर्धा जिंकणारी आणि युरोपच्या त्या दौऱ्यावर जिंकणारी पहिली भारतीय. भिंतीपलीकडून, मैदानाच्या बाजूने, टाळ्यांचा आवाज आला असावा असं मला अजून वाटतं. पण मेव्हणा म्हणतो तो हॉर्न होता. मला दोन हजार मिळाले, सगळे शंभराच्या नोटांत.  माझी फुटपाथवरची नाण्याची खूणही कोणीतरी उचलून नेली होती.

घरी आल्यावर हिने बटवा मोजला. मी त्या वेळी बाथरूममध्ये होतो आणि बराच वेळ होतो.

गावात मात्र माझा भाव वधारला. दोन आठवड्यांत अदितीने कतारची स्पर्धाही मारली, त्या वर्षी युरोपच्या दौऱ्यातली सर्वोत्तम नवोदितही तीच ठरली, आणि वर्ध्यात हे सगळं प्रत्यक्ष पाहून आलेला माणूस म्हणजे मी. आधी मी "तिथेच होतो" एवढंच म्हणत असे. ते खोटं नव्हतं. भिंत मध्ये होती, एवढंच. पुढे लोक विचारत गेले आणि अठराव्या होलचं वर्णन आपोआप भरत गेलं. उतार डावीकडून उजवीकडे होता, चेंडू कडेवर घुटमळला, ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. डोळे मिटले होते हे खरंच आहे. फक्त माझे.

मग आली ७ ऑगस्ट २०२१ची पहाट. टोकियो ऑलिंपिक, शेवटची फेरी. जगात दोनशेव्या नंबरची अदिती पदकाच्या दारात उभी, पिशवी उचलायला या खेपेला आई, आणि आदल्या रात्रीपर्यंत गोल्फ म्हणजे काय हे न विचारलेली आमची अख्खी कॉलनी पहाटे चहाचे कप घेऊन माझ्या टीव्हीसमोर. तोंडावर मास्क, डोळ्यांत झोप. कोणी बर्डी म्हणतंय, कोणी बोगी, ही सगळ्यांना चहा देता देता "बर्डी हुकली वाटते" म्हणून राहिली. शेवटी एका फटक्याने पदक हुकलं, ती चौथी आली, हे तुम्हाला माहीत आहेच. पण त्याआधी, ऐन भरात, टोकियोत विजा कडाडायला लागल्या आणि खेळ थांबवला. पडद्यावर नुसता पाऊस. आता करायचं काय? सगळे माझ्याकडे वळले. शेजाऱ्यांचा सातवीतला पोरगा मांडी घालून अगदी पुढे बसला होता.

"काका, ती भारतात जिंकली तेव्हा तुम्ही तिथेच होते ना?"

"होतो तर."

"शेवटच्या होलच्या वेळी कुठे उभे होते?"

ही चहाची किटली घेऊन दारातच थांबली. किटली तिरकी, कपात एक थेंब नाही, नजर माझ्यावर. मी घसा साफ केला.

"लायनीत," मी म्हणालो.